त्वचेचा कर्करोग : निदान व छेदन

त्वचेच्या बाह्य थरातील कोशिकांची (पेशींची) शरीराच्या नियमनास न जुमानता होणारी मारक वाढ. त्वचा हे मानवी शरीराचे सर्वांत विस्तृत इंद्रिय असून ते सदैव दृष्टीसमोर असते. त्यामुळे हा कर्करोग नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो व वेळीच ओळखल्यास बहुतेक रुग्णांत लहानशा शस्त्रक्रियेने समूळ काढून टाकता येतो. असे असूनही भारतातील पुष्कळ रुग्ण व्रण मोठा झाल्यावर किंवा रोग लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचल्यावर रुग्णालयात येतात. रोग दिसणे आणि रोग ओळखला जाणे यांत पडणारे हे अंतर अज्ञानाइतकेच भीतीने व संकोचाने निर्माण होते. म्हणून या रोगाचे निदान व छेदन (कापून काढणे) यांचा विचार करताना रुग्णाच्या मनःस्थितीचाही विचार करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत रोगाचे स्वरूप, निदान, छेदन व रुग्णाने या प्रसंगास तोंड देणे यांची माहिती महाराष्ट्राच्या, विशेषतः नाशिकसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याच्या, संदर्भात दिली आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत शरीरावरील गाठींचे वर्णन ‘अर्बुद’ या नावाने आले असून त्यांवर शस्त्र, क्षार व अग्नी यांचे उपचार सांगितले आहेत. अर्बुदाचा अंश मागे राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, असा इशाराही तेथे दिलेला आहे. आधुनिक शस्त्रक्रियेत छेदित भागाच्या कडा रोगमुक्त आहेत की नाहीत हे तपासण्यावर जो भर दिला जातो, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. इंग्लंडमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या वृषणत्वचेवर होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, असे दाखवून दिले. व्यवसाय व कर्करोग यांतील संबंधाचे ते पहिले ठळक उदाहरण मानले जाते. १८२७ मध्ये डब्लिनचे आर्थर जेकब यांनी चेहऱ्यावर हळूहळू पसरणाऱ्या व्रणाचे, तर १८२८ मध्ये फ्रान्समधील झां निकोलस मार्जोलिन यांनी जुन्या व्रणवस्तूवर (जखम भरून आल्यावर राहणाऱ्या कठीण वणावर) उद्भवणाऱ्या व्रणाचे वर्णन केले. भारतातील या विषयाच्या अभ्यासात मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाचा (स्थापना १९४१) वाटा मोठा आहे. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी सूर्याबाई यांच्या सहकार्याने १९४५ मध्ये भारतीय चालीरीतींशी निगडित असलेल्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कमरेवर घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन होते. तो पुढे ‘धोतर कर्करोग’ या नावाने वैद्यकीय वाङ्‌मयात रूढ झाला.

प्रकार : त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. रुग्णाच्या दृष्टीने त्यांतील फरक समजणे फार महत्त्वाचे असते, कारण तिघांनाही ‘कर्करोग’ हा एकच शब्द लावला जात असला, तरी त्यांच्यापासून संभवणारा धोका सारखा नसतो.

पहिला, आधार कोशिका कर्करोग. वैद्यकीय अहवालात याचा उल्लेख ‘बेसल सेल कार्सिनोमा’ असा असतो. बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील कोशिकांपासून तो निर्माण होतो. नाक, पापण्यांच्या कडा, गाल व कपाळ ही त्याची नेहमीची स्थाने होत. मोत्यासारखी चकाकणारी, कडा उंच व मध्ये किंचित खोलगट असलेली पुटकुळी असे त्याचे रूप असते. सावळ्या त्वचेत तो बहुधा काळसर असतो व त्यामुळे तीळ किंवा चामखीळ समजून त्याच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. तो अतिशय मंद गतीने वाढतो व शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. मात्र उपचार न केल्यास जागच्या जागी खोल जाऊन नाकाचे कूर्चास्थी, डोळा किंवा हाड पोखरू शकतो.

दुसरा, शल्क कोशिका कर्करोग. अहवालात याला ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ म्हणतात. हा खरखरीत, खपली धरणारी गाठ किंवा कडा उलटलेला, सहज रक्त येणारा व्रण या रूपात दिसतो. श्वेतवर्णीयांत आधार कोशिका कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. भारतात मात्र शल्क कोशिका कर्करोगाचे सापेक्ष प्रमाण मोठे आहे. तो लसीका ग्रंथींत पसरू शकतो. उन्हाने होणाऱ्या प्रकारात हे प्रमाण कमी, तर जुन्या वणावर उद्भवणाऱ्या प्रकारात अधिक असते.

तिसरा, कृष्णार्बुद अर्थात ‘मेलानोमा’. त्वचेला रंग देणारे कृष्णरंजक तयार करणाऱ्या कोशिकांपासून हा निर्माण होतो. तिघांत हा विरळ, पण सर्वांत घातक आहे. २०२० साली जगात त्याचे सु. ३,२५,००० नवे रुग्ण आढळले व सु. ५७,००० मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीयांत तो मुख्यत्वे तळपाय, तळहात व नखांखाली आढळतो. तेथे तो ठेच, काटा किंवा रक्त साकळल्याचा डाग समजला जातो. जमेकातील प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावरील असाच डाग आरंभी खेळातील दुखापत समजला गेला होता. १९७७ मध्ये निदान झाले आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

कारणे : सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील) किरण कोशिकांतील आनुवंशिक द्रव्यास इजा करतात. ही इजा दुरुस्त करण्याची यंत्रणा शरीरात असते. परंतु दीर्घकाळच्या माऱ्यात काही दोष तसेच राहतात व त्यांतून कर्करोग उद्भवतो. ही यंत्रणा जन्मतः सदोष असलेल्या एका आनुवंशिक विकारात बालपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात, असे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. कृष्णरंजक हे या किरणांविरुद्धचे नैसर्गिक छत्र होय. त्यामुळे ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील गौरवर्णीय लोकांत हा रोग अतिशय सार्वत्रिक आहे, तर भारतात एकूण कर्करोगांतील त्याचा वाटा अल्प आहे. अंगात कृष्णरंजक नसलेल्या विवर्ण व्यक्तींना मात्र भारतातही याचा मोठा धोका असतो. अवयवरोपणानंतर रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांतही हा रोग अधिक आढळतो.

भारतीय परिस्थितीत उन्हाच्या बरोबरीने त्वचेच्या जुन्या इजा महत्त्वाच्या ठरतात. भाजल्याचे वण, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा, अस्थिव्रणाची वाहती नळी व कुष्ठरोग्यांच्या तळपायावरील जुनाट व्रण यांवर काही दशकांनी शल्क कोशिका कर्करोग उद्भवू शकतो. काश्मीरमध्ये थंडीत अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरण्याच्या प्रघातामुळे पोट व मांड्या यांवर होणारा ‘कांगडी कर्करोग’ याच जातीचा आहे. महाराष्ट्रातील त्याचा भाऊबंद म्हणजे कमरेवरचा कर्करोग होय. धोतराची गाठ किंवा परकराची नाडी रोज त्याच जागी घट्ट आवळल्याने तेथील त्वचा प्रथम काळी, जाड व खवलेदार होते, काही ठिकाणी तिचा रंग उडतो, खाज सुटते, घामाने ती सोलवटते आणि भरत आलेली जखम दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. हे चक्र अनेक वर्षे चालल्यास क्वचित कर्करोग होतो. २०११ मध्ये मुंबईतून ‘साडी कर्करोग’ या नावाने अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात भारतातील दोन वृद्ध स्त्रियांची हकीगत आली. त्यांपैकी एक नऊवारीखाली परकर घट्ट बांधीत असे, तर दुसरी परकराशिवाय लुगडे नेसत असे. दोघींच्या कमरेवरील व्रण दीड ते दोन वर्षे भरला नव्हता आणि दुसरीच्या जांघेतील लसीका ग्रंथीत रोग पसरला होता. यावरून दोष परकराचा नसून एकाच जागी सतत पडणाऱ्या दाबाचा व घर्षणाचा आहे, हे स्पष्ट होते.

आर्सेनिक (सोमल) हे आणखी एक कारण होय. आर्सेनिकयुक्त पाणी किंवा औषधे दीर्घकाळ पोटात गेल्यास तळहात व तळपाय यांवर कठीण दाणे येतात व पुढे कर्करोग संभवतो. जर्मनीतील मोझेल खोऱ्यात द्राक्षवेलींवर आर्सेनिकाची कीडनाशके फवारणाऱ्या मळेवाल्यांत असे कर्करोग मोठ्या संख्येने आढळले. तेथे १९४२ मध्ये या कीडनाशकांवर बंदी आली, तरी रोगी त्यानंतरही अनेक वर्षे आढळत राहिले. नाशिकच्या द्राक्षबागांत परंपरेने वापरले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद व चुना यांचे, म्हणजे ताम्रयुक्त, असते. त्यात आर्सेनिक नसते. तथापि कोणत्याही फवारणीच्या वेळी अंग झाकणे व नंतर त्वचा धुणे हे आरोग्याच्या दृष्टीने इष्टच असते.

नाशिक परिसर : नाशिक शहर २०° उत्तर अक्षवृत्ताजवळ व समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर वसलेले आहे. येथे सूर्य मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व जुलैच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. जुलैत आकाश ढगाळ असते, परंतु एप्रिल–मे महिन्यांत निरभ्र आकाशातून जंबुपार किरणांचा मारा तीव्र असतो. निफाड, दिंडोरी, चांदवड इ. तालुक्यांतील द्राक्षबागांची खरड छाटणी याच सुमारास होते व मजूर दिवसभर उन्हात असतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत अनवाणी चालणे, उघड्या चुली व शेकोट्या यांमुळे पायाच्या जखमा व भाजल्याचे वण यांची शक्यता अधिक राहते. येथील बहुसंख्य लोकांच्या सावळ्या त्वचेमुळे उन्हाचा धोका कमी होतो, पण तो नाहीसा होत नाही. वण व जखमा यांच्या बाबतीत तर त्वचेच्या रंगाचे संरक्षण मुळीच मिळत नाही.

नाशिक येथील शासकीय विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. शहरात खाजगी कर्करोग रुग्णालयेही आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णांना सु. १७० किमी. वरील मुंबईत, परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात, पाठविले जाते. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तीत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश आहे. खर्चाच्या धास्तीने तपासणी लांबविण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे या योजनेची चौकशी करणे हिताचे असते.

लक्षणे व निदान : चार आठवड्यांत न भरलेली जखम, वारंवार खपली धरून रक्त येणारी पुटकुळी, भाजल्याच्या जुन्या वणावर नव्याने पडलेला व्रण, दुर्गंध किंवा वाढलेली वेदना, तळपायावरील वाढता काळा डाग आणि नखावरील रुंद होत जाणारा काळा पट्टा ही तज्ज्ञास दाखविण्याजोगी लक्षणे होत. तिळाच्या बाबतीत दोन अर्धे सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे, व्यास ६ मिमी. हून अधिक असणे व रूप पालटत जाणे या पाच गोष्टी पाहतात. यांपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. आरंभी या रोगात बहुधा वेदना नसते. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ या समजुतीमुळेच पुष्कळ वेळ वाया जातो.

निश्चित निदान जीवोतक परीक्षेने (ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याने) होते. त्या जागेपुरते संवेदनाहरण करून दोन-चार मिमी. व्यासाचा तुकडा काढतात. मेलानोमाचा संशय असल्यास शक्यतो संपूर्ण डाग काढून तपासतात, कारण त्याची जाडी मोजावी लागते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे या रोगाचे भवितव्य मुख्यतः या जाडीवर अवलंबून असते. एक मिमी. हून कमी जाडीच्या मेलानोमाचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. तपासणीचा अहवाल येण्यास सामान्यतः आठवडा ते दहा दिवस लागतात.

‘शस्त्र लागले की कर्करोग पसरतो’ हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. तो निराधार आहे. पूर्वी बहुतेक रुग्ण रोग पसरल्यावरच शस्त्रक्रियेस येत व शस्त्रक्रियेनंतर तो पसरलेला रोग प्रकट होई. त्यामुळे कारण शस्त्राकडे लावले गेले. त्वचेच्या कर्करोगाच्या जीवोतक परीक्षेने रोग पसरत नाही. उलट, परीक्षेवाचून मलम, जाळणारी औषधे किंवा घरगुती क्षार लावल्याने वरची त्वचा भरून येऊन आतला रोग झाकला जाण्याचा धोका असतो.

निदान व रुग्णाचे मन : कर्करोगाचे निदान ऐकताच अनेक रुग्णांस पुढचे काहीच ऐकू येत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. सुन्नपणा, अविश्वास, झोप उडणे, ‘हे मलाच का’ हा प्रश्न व पूर्वकर्माशी त्याचा लावलेला संबंध या स्वाभाविक प्रतिक्रिया होत. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये गंभीर आजाराच्या रुग्णांच्या मनःस्थितीच्या नकार, संताप, विनवणी, खिन्नता व स्वीकार अशा पाच अवस्था वर्णिल्या. त्या प्रत्येकात व त्याच क्रमाने येतात असे मात्र नव्हे. अहवालाची वाट पाहण्याचा काळ अनेकांना शस्त्रक्रियेपेक्षाही जड जातो. पहिल्या भेटीत जवळच्या एका व्यक्तीला बरोबर नेणे, प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवणे व उत्तरे लिहून घेणे हे साधे उपाय या काळात उपयोगी पडतात. रोग कोणत्या प्रकारचा आहे, तो किती खोल आहे, लसीका ग्रंथी तपासल्या आहेत काय, किती भाग काढावा लागेल व जागा कशी भरतील, हे पाच प्रश्न विचारल्यास भीतीचे बरेचसे धुके निवळते. ‘कर्करोग’ या शब्दाच्या भीतीपेक्षा आपल्या रोगाची नेमकी माहिती बहुधा कमी भयावह असते. आधार कोशिका कर्करोगाच्या बाबतीत तर ती पुष्कळच दिलासा देणारी असते.

मराठी कुटुंबांत निदान रुग्णापासून लपविण्याची व निर्णय मुलाने किंवा पतीने घेण्याची रीत अद्याप आढळते. तिच्यामागे माया असते. पण रुग्णालयातील पाटी, किरणोपचाराचा विभाग व नातेवाइकांची कुजबुज यांवरून रुग्णास सत्य कळतेच, आणि मग ते त्याला एकट्याने सोसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात, सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या ऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे रुग्णास त्याच्या भाषेत, त्याला पेलेल अशा बेताने, पण खरे सांगणे हे कायद्याने व व्यवहाराने उचित ठरते. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी किंवा अंथरूण वेगळे करण्याचे काहीही कारण नसते. असे वेगळेपण रुग्णास रोगापेक्षा अधिक दुखविते.

स्त्रियांच्या बाबतीत संकोचाची भर पडते. कमरेवरील किंवा मांडीवरील व्रण पुरुष डॉक्टरला दाखविणे टाळले जाते, तसेच तो नाडीचा साधा घट्टा आहे असे समजून घरातही सांगितला जात नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत हंगाम आड येतो. ‘छाटणी उरकू द्या’, ‘माल उतरू द्या’ असे म्हणत तपासणी लांबते. आधार कोशिका कर्करोगात काही आठवड्यांच्या विलंबाने सहसा फारसे बिघडत नाही. परंतु वणावरील कर्करोग व मेलानोमा यांत हंगामाची वाट पाहणे धोक्याचे असते. यासाठीही प्रकार आधी कळणे आवश्यक ठरते.

छेदन : बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेने छेदन हाच मुख्य उपचार होय. रोगाच्या दिसणाऱ्या कडेपलीकडील काही निरोगी त्वचाही काढली जाते. लहान आधार कोशिका कर्करोगात हे अंतर सु. ४ मिमी., शल्क कोशिका कर्करोगात ४ ते ६ मिमी. किंवा अधिक व मेलानोमात जाडीनुसार १ ते २ सेंमी. ठेवतात. लहान गाठीची शस्त्रक्रिया त्या जागेपुरते संवेदनाहरण करून अर्ध्या-पाऊण तासात होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. काढलेला भाग विकृतिविज्ञाकडे जातो. ‘कडा रोगमुक्त’ हा त्याच्या अहवालातील शेरा रुग्णाने आवर्जून विचारून घ्यावा, कारण कडेवर रोग शिल्लक असल्यास पुन्हा छेदन किंवा किरणोपचार करावा लागतो. फ्रेडरिक मोझ यांनी अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत ऊतकाचा एकेक पातळ थर काढून लगेच तपासतात व रोग शिल्लक असेल तेथेच पुढचा थर काढतात. त्यामुळे नाक, पापणी अशा ठिकाणी निरोगी त्वचा जास्तीत जास्त वाचविता येते.

चेहऱ्यावरील, विशेषतः नाकावरील, शस्त्रक्रियेची धास्ती सर्वांत मोठी असते. मराठीत नाक हे अब्रूचे प्रतीक आहे. नाशिक या नावाचा संबंधही परंपरेने ‘नासिका’ या शब्दाशी व पंचवटीतील शूर्पणखेच्या नासाछेदाच्या कथेशी जोडला जातो. म्हणून नाकाचा भाग काढून टाकल्यावर तो पुन्हा घडविण्याची कला महाराष्ट्रास जुन्या काळापासून परिचित होती, ही गोष्ट येथे उल्लेखनीय ठरते. कपाळाची त्वचा वळवून कापलेले नाक पुन्हा तयार केल्याची पुणे येथील हकीगत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात सचित्र प्रसिद्ध झाली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे अशी शस्त्रक्रिया केली व तेथून ही पद्धत यूरोपात पसरली. कर्करोग काढल्यावर नाकाची मोठी पोकळी भरण्यासाठी कपाळावरील त्वक्पटाचा उपयोग आजही केला जातो. यात बहुधा दोन किंवा अधिक टप्पे असतात. पहिल्या टप्प्यानंतर दोन-तीन आठवडे कपाळ व नाक यांना जोडणारा त्वचेचा देठ तसाच ठेवावा लागतो. या काळात आरशात दिसणारे रूप अंतिम नव्हे, हे रुग्णास आधीच चित्रांनिशी समजाविल्यास त्यास धीर येतो. इतर ठिकाणी मांडीवरील पातळ त्वचेचे रोपण करतात किंवा शेजारची त्वचा सरकवून जखम शिवतात.

लसीका ग्रंथी सुजलेल्या असल्यास सुईने नमुना घेऊन त्या तपासतात व रोग असल्यास काढून टाकतात. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास किंवा रोग खोल गेला असल्यास किरणोपचार करतात. अगदी वरवरच्या रोगात द्रव नायट्रोजनाने गोठविणे, खरवडून जाळणे किंवा विशिष्ट मलमे हे पर्याय असतात. पसरलेल्या मेलानोमाचे भवितव्य २०११ नंतर पालटू लागले. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणाऱ्या औषधांमुळे पूर्वी असाध्य समजल्या जाणाऱ्या काही रुग्णांना दीर्घायुष्य लाभले आहे. या औषधांचा पाया घालणाऱ्या जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ही औषधे अत्यंत महाग असून लवकर केलेल्या लहान छेदनाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर : चेहऱ्यावरील टाके साधारणपणे पाच ते सात दिवसांनी, धडावरील व पायांवरील दहा ते चौदा दिवसांनी काढतात. जखम कोरडी व स्वच्छ ठेवणे, शेतातील माती व फवारणी यांपासून ती जपणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे व तंबाखू सोडणे यांमुळे ती लवकर भरते. तळपायावर त्वचारोपण झाले असल्यास काही आठवडे त्यावर भार देता येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने त्याची तजवीज आधीच करावी लागते. वणाभोवती बधिरपणा, खाज व ओढ ही अनेक महिने राहतात आणि हळूहळू कमी होतात. वणाचे रूप स्थिरावण्यास सु. एक वर्ष लागते. नवीन वणावर ऊन लागू दिल्यास तो अधिक काळवंडतो.

शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही अनेकांना प्रत्येक पुटकुळीत कर्करोग दिसू लागतो व तपासणीची तारीख जवळ आली की अस्वस्थता वाढते. ही भीती सर्वस्वी निराधार नसते, कारण एकदा हा रोग झालेल्यास तो दुसरीकडे होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून आरंभी दर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा तपासणी करतात. महिन्यातून एक दिवस ठरवून पाठ, टाळू, तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे आरशाच्या किंवा घरातील माणसाच्या मदतीने पाहावीत आणि इतर दिवशी तो विचार बाजूस ठेवावा, असा सल्ला देतात. नियमित पाहणीमुळे भीतीला एक ठराविक जागा मिळते. खिन्नता, निद्रानाश किंवा लोकांत जाणे टाळणे ही लक्षणे काही आठवडे टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घेणे योग्य असते. कर्करोग रुग्णांना मार्गदर्शन व आर्थिक साहाय्य करणाऱ्या संस्थांत १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी ही जुनी संस्था होय.

प्रतिबंध : दुपारी अकरा ते तीन या वेळात उघड्या अंगाने उन्हात राहणे टाळावे. रुंद काठाची टोपी, फेटा, पदर व पूर्ण बाह्यांचा सुती अंगरखा हे शेतातील कामासाठी मलमांपेक्षा अधिक व्यवहार्य संरक्षण होय. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, ती सैल बांधावी व गाठीची जागा बदलत राहावी. कमरेवर काळपट, खवलेदार पट्टा दिसू लागल्यास तेथील घर्षण थांबवावे. भाजलेली जागा वेळीच त्वचारोपणाने भरून घेतल्यास पुढे वणावरील कर्करोगाचा धोका कमी होतो. पादत्राणे वापरणे, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांची रोज पाहणी करणे आणि चार आठवड्यांत न भरलेली प्रत्येक जखम डॉक्टरला दाखविणे हे उपाय स्वस्त असून खेडोपाडी सहज अमलात आणता येण्याजोगे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे व आशा कार्यकर्त्या यांच्यामार्फत ही माहिती पोहोचल्यास, आज रुग्णालयात हाताच्या तळव्याएवढे होऊन येणारे व्रण नखाएवढे असतानाच ओळखले जाऊ शकतील.